वैयक्तिक कारण

उन्हाळा चढला, शाळेच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि हेडसरांनी बाईंच्या वर्गाशेजारच्या संडासाला कुलूप लावलं. एकच संडास उघडा राहिला, तो ऑफिसच्या मागे, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. मुलांसाठी त्यांनी वर्गात दोन बादल्या आणि भोक पाडलेली एक लाकडी खुर्ची दिली. "पाणी जपून वापरा," एवढंच म्हणाले. बाईंनी स्वतः कुठे जायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाईंनीही विचारलं नाही.

बाईंचा वर्ग म्हणजे आजूबाजूच्या सात-आठ वस्त्यांवरची अकरा मुलं. इतर वर्गांत ज्यांना बसता येत नाही, ती सगळी इथे. सगळे ज्याला पैलवान म्हणत त्या चौदा वर्षांच्या मुलाला चाकाच्या खुर्चीतून उचलून भोकाच्या खुर्चीवर ठेवावं लागे, आणि त्याचं वजन बाईंपेक्षा जास्त होतं. एकीला घास भरवताना मान धरावी लागे, नाहीतर ठसका लागून ती निळी पडे. एकाला दिवसातून दोनदा फिट येई. आणि भिंगरी होती. नऊ वर्षांची, काडीसारखी. फिरणारी कुठलीही वस्तू दिसली की तिच्या अंगात वारं शिरे. पंखा, सायकलचं चाक, रहाट, काहीही. दाराची कडी निघाली की भिंगरी गेलीच.

कागदोपत्री बाईंच्या हाताखाली एक मदतनीस मावशी होत्या. सहा महिन्यांपूर्वी सरांनी त्यांना दोन दिवसांसाठी म्हणून ऑफिसात नेलं होतं, ते दोन दिवस अजून संपायचे होते. मावशी ऑफिसात चहा करत, फायली झाडत आणि दुपारून सरांच्या घरी भांडी घासत.

बाईंनी मग सोपा उपाय काढला. पाणी पिणंच सोडलं. सकाळी अर्धा कप चहा, त्यानंतर थेट संध्याकाळी घरी गेल्यावर तांब्याभर पाणी. पहिला आठवडा डोकं दुखलं. दुसऱ्या आठवड्यात ओटीपोटात जळजळ सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात थंडी वाजून ताप आला, तरी बाई शाळेत गेल्या. बदली कोण येणार होतं? पैलवानाला उचलताना दात ओठांत रुतवायच्या आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजायच्या. मुलांना काही करायला सांगितलं की दहा मोजून मगच मदतीला हात लावायचा, ही त्यांच्या कामातली शिस्त. ती आता त्या स्वतःच्या पोटाला लावत होत्या.

एका गुरुवारी दहा मोजून भागेना.

मुलं जेवून सुस्तावली होती. बाईंनी दार बाहेरून ओढून घेतलं, कडी लावली आणि मैदान ओलांडून जवळजवळ पळतच गेल्या. जाऊन यायला चार मिनिटं लागली. परत आल्या तर कडी निघालेली, दार सताड उघडं. कुणा लहान पोराने गंमत म्हणून कडी काढली असावी. भिंगरी फाटकातून बाहेर पडून रस्त्यावर पोचली होती, कारण रस्त्यावरून पाण्याचा टँकर चालला होता आणि टँकरला सहा चाकं होती.

ड्रायव्हरने ब्रेक मारला. चाक आणि भिंगरी यांच्यात वीतभर अंतर राहिलं. भिंगरी खाली बसून थांबलेलं चाक हाताने फिरवायला बघत होती.

तिची आई पलीकडच्या शेतात कांदा खुरपत होती, ती खुरपं टाकून धावत आली. पोरीला उचललं, अंगाखांद्याला चाचपलं. बाईही पळत पोचल्या. आई म्हणाली, "बाई, तुम्ही बसा आधी. तुमचं तोंड कसं झालंय." लोक जमले होते, त्यातला एक जण म्हणाला, अशा बाईंवर तक्रार टाकायला पाहिजे. तशी ती त्याच्याकडे वळली. "कुणी टाकायची? तू? बाईसुद्धा माणूस आहे. घरी मी हिला कमरेला दोरी बांधून खाटेला अडकवत होते. बाईंनी दोरी सोडली म्हणून पोर चालायला तरी लागली."

आईने तक्रार केली नाही. हेडसरांनी केली.

शनिवारी सगळे शिक्षक ऑफिसात बसलेले असताना सरांनी मेमो वाचून दाखवला. "वैयक्तिक कारणासाठी वर्ग वाऱ्यावर सोडून गेल्याने विद्यार्थिनीच्या जिवास धोका निर्माण झाला. खुलासा आठ दिवसांत लेखी द्यावा." मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "बाई, वैयक्तिक कारण म्हणजे नेमकं काय, ते खुलाशात स्पष्ट यायला हवं हं. वरच्या ऑफिसला मोघम चालत नाही."

"सर, तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत असून काय उपयोग? तोंडाने सांगा, क्लार्क लिहून घेतील."

क्लार्कने खरोखरच पेन उघडलं. मावशी चहाचा ट्रे घेऊन दारात थांबल्या होत्या. बाईंनी जमिनीकडे बघत सांगितलं, "लघवीला गेले होते."

"मोठ्याने सांगा, पंख्याचा आवाज आहे."

बाईंनी पुन्हा सांगितलं. क्लार्क हसू दाबायला खोकला. सर म्हणाले, "आम्हीपण माणसंच आहोत, पण वेळकाळ असतो की नाही? नियोजन करावं लागतं, बाई."

त्या शब्दाने बाईंच्या आत काहीतरी कडक होऊन बसलं. त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होई आणि यंदाचा कागद महिनाभराने सरांच्या शेऱ्यावर ठरणार होता. पण घरी जाताना त्या नोकरीचा विचार करत नव्हत्या. त्यांना सरांच्या हातून एकच शब्द हवा होता, सरांच्याच अक्षरात, खाली सही आणि तारखेसह. जो शब्द त्यांना चारचौघांत दोनदा बोलायला लावला, तोच.

बाईंचं घर शाळेपासून दोन गल्ल्यांवर, पिठाच्या गिरणीमागे होतं. नवरा गिरणी चालवी. तो संध्याकाळी भुवयांवर पीठ घेऊन आत आला तेव्हा बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि सासूबाई त्यांच्या पोटावर गरम पाण्याची पिशवी धरून होत्या.

"उद्याच्या उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं," सासूबाईंनी मुलालाच दम भरला. "पोरीच्या अंगावर पापड भाजेल इतका ताप आहे आणि तू तिथे दळत बसलास."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी पीत नाही का?"

"पिते. संध्याकाळी."

"आणि दिवसा जाता किती वेळा?"

"शाळेत जात नाही."

"किती दिवसांपासून?"

"दीड महिना. शेजारचा संडास उघडा होता तेव्हा एकदा जायचे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग उचलून दहा दिवसांची सक्तीची विश्रांती लिहून दिली. "मूत्रपिंडापर्यंत गेलंय. हसू नका."

पण बाई हसतच होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी सलग रजा घेतली नव्हती. नियम असा की बदली माणूस नसेल तर वर्ग मुख्याध्यापकांनी स्वतः सांभाळायचा. उरलेल्या दोन शिक्षकांकडे दोन-दोन वर्ग होते, त्यांना हात लावता येत नव्हता. राहता राहिल्या मावशी.

मावशी रविवारी दळण घेऊन आल्या. पीठ डब्यात पडायच्या आत बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. मावशी बराच वेळ डब्याचं झाकण पुसत राहिल्या.

"मलासुद्धा सोमवारपासून बरं वाटणार नाहीये असं दिसतंय," त्या शेवटी म्हणाल्या. "कंबर. सरांच्या घरची मोठी पातेली घासून घासून."

"मावशी, तुमची नोकरी..."

"कंबर माझी आहे की सरांची? दुखणार म्हणजे दुखणार."

त्या दिवशी बाईंनी सोपवणीचे कागद लिहिले. दर मुलामागे दोन पानं. त्यात काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. पैलवानाला मागून हात लावू नये, चावतो. घास हरभऱ्याएवढा, मान किंचित पुढे. फिट आली तर घड्याळ बघावं, कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये. बाईंचा राग मोठा होता, पण तो मुलांच्या घासापर्यंत त्यांनी येऊ दिला नाही, निदान त्या रविवारी तरी. भिंगरीच्या पानावर लिहिलं, 'दाराला आतून कडी. दहा ते साडेचार एक क्षणही नजरेआड करू नये.' त्याखाली, वर्ग सांभाळणाऱ्याला स्वतःला कुठे जायचं झालं तर काय करावं, यासाठी जागा सोडली आणि ती कोरीच ठेवली.

सोमवारी नवरा कागद घेऊन गेला आणि 'वाचले, समजले' अशी सरांची सही घेऊन आला. "चेहरा कसा होता?" बाईंनी विचारलं. "आधी हसले. मग पानं मोजली. मग नाही हसले."

सोमवार-मंगळवार बाई अंथरुणात पडून सरांचा दिवस जगल्या. सव्वादहा वाजले, की आता पहिली बादली. अकरा, की आता पैलवान. त्यांचा उजवा खांदा आपोआप वर उचलला जाई. सासूबाईंना जेवायला वाढताना त्यांनी घास हरभऱ्याएवढे करून दिले आणि सासूबाई म्हणाल्या, "माझी मान पण धरतेस का?" दोघी हसल्या, आणि हसता हसता बाईंच्या पोटात कळ गेली.

संध्याकाळी मावशी कंबरेवर हात ठेवून, लोकांना दिसेल अशा लंगडत, क्लार्ककडून ऐकलेल्या बातम्या घेऊन येत. सोमवारी सरांचा शर्ट दोनदा भिजला. पैलवान मनगटाला चावला. सरांनी दुपारचा डबा खाल्लाच नाही. मंगळवारी सरांनी सकाळचा चहा परत पाठवला.

"का?" बाई उठूनच बसल्या.

"का म्हणजे? कळतंय ना तुम्हाला."

बाईंना कळलं होतं. त्यांना ते पुन्हा ऐकायचं होतं.

"पण एक सांगू का," मावशी म्हणाल्या, "काल दुपारी गाणं म्हणत होते आतमध्ये. आवाज फाटका आहे, पण पैलवान शांत झाला होता म्हणे."

हे बाईंना आवडलं नाही. गाणं कागदात लिहिलेलं नव्हतं.

बुधवारी साडेबारा वाजता नवरा गिरणीचा पट्टा चढवत होता आणि बाई मागच्या दारात तांदूळ निवडत होत्या. गिरणी सुरू झाली, मोठं चाक घरघरलं आणि बाईंनी सहज वर पाहिलं तर चाकापासून दोन हातांवर भिंगरी उभी होती. हात पुढे केलेला, तोंड उघडं, डोळ्यांत चाक फिरतंय.

बाईंच्या हातातलं सूप कुठे पडलं ते त्यांना कळलं नाही. त्यांनी मागून भिंगरीला कवेत घेतलं आणि दोघी पिठाच्या पोत्यावर कोसळल्या. नवऱ्याने मोटर बंद केली. चाक घरघरत थांबलं.

"सर गेले," बाई धापा टाकत म्हणाल्या. "सर लघवीला गेले!" आणि आनंदाने त्यांचा आवाज चिरकला.

भिंगरीला घरात नेलं. दूध पाजलं. सासूबाईंनी तिच्या हातात फिरवायला चाळणी दिली, ती गप्प बसून चाळणी फिरवू लागली. नवरा सायकल काढत होता. "शाळेत सांगून येतो."

"थांबा."

"अगं, थांबा काय? शोधत असतील."

"शोधू द्या. मी नाही शोधली? मला चार मिनिटांत मेमो मिळाला. त्यांना जरा जास्त मिळू दे."

"आणि हिची आई?"

"आईला कोण सांगणार आहे? सर? तो माणूस आधी लपवेल. सगळी शाळा पालथी घालेल, फाटकाबाहेर ब्र काढणार नाही. मी ओळखते त्याला. इकडेच येईल शेवटी, हात जोडत."

सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, देवाला आवडायचं नाही हे."

"देव बघत होता ना तेव्हा ऑफिसात? मग आताही बघू दे."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि जपाची माळ घेऊन भिंतीकडे तोंड केलं. नवरा सायकलला टेकून उभा राहिला. तो चांगला माणूस होता आणि बायकोचा ताप त्याने तीन आठवडे बघितलेला होता. तो गेला नाही. बाईंनी कोरा कागद काढला, पेन काढलं, दोन्ही चौरंगावर मांडलं आणि घड्याळासमोर बसल्या. मुलांसाठी त्या दहापर्यंत मोजत. आज त्या मिनिटं मोजत होत्या. वीस झाली तेव्हा जिवाला थंड वाटत होतं. चाळीस झाली तेव्हा भिंगरी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, आणि तो भार बाईंना उगाच जड वाटू लागला. तरी त्या हलल्या नाहीत.

तासाने सर आले. एका पायात चप्पल होती, एक पाय मातीने भरलेला. मनगटाला फडकं बांधलेलं. दारातूनच त्यांना झोपलेली भिंगरी दिसली आणि ते उंबऱ्यावर खाली बसले.

"आहे," ते म्हणाले. "आहे. जिवंत आहे."

बाईंनी कागद पुढे सरकवला. "खुलासा लिहा, सर. वर्ग सोडून कशासाठी गेला होतात? मोघम चालत नाही."

सरांनी कागदाकडे पाहिलं, मग बाईंकडे. त्यांच्या ओठांना पांढरी पापुद्री धरली होती. दीड महिना बाईंच्या ओठांना होती तशीच. त्यांनी वाद घातला नाही. गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं, 'लघवीला गेलो होतो.' सही केली, तारीख घातली.

"माझा मेमो आणि हा कागद एकाच पाकिटातून वर जातील," बाई म्हणाल्या. "नाहीतर दोन्ही जाणार नाहीत. मावशी उद्यापासून वर्गात. कुलूपही उद्याच निघायला हवं."

"हो," सर म्हणाले. मग जरा वेळाने, "तिच्या आईला कळवायला हवं. ती त्या बाजूला शोधतेय."

"कोण?"

"तिची आई. मी पहिल्यांदा तिच्याकडेच धावलो. काय करणार? माझ्या हातून पोर हरवली, आईला नको का सांगायला?"

बाईंच्या हातातला कागद तसाच राहिला. सगळं मोजलं होतं त्यांनी, सरांचा भित्रेपणा, सरांची अब्रू, सरांचं पोटसुद्धा. हा माणूस एकदा तरी सरळ वागेल, हे त्यांच्या हिशोबात कुठेच नव्हतं.

नवरा सायकलवर टांग मारतच होता तेवढ्यात गल्लीतून भिंगरीची आई आली. तिचे दोन्ही गुडघे फुटले होते. कोपरापर्यंत काळा चिखल होता. ती शाळेच्या विहिरीत उतरली होती. गुडघाभर पाण्यात हातांनी तळ चाचपून ती वर आली होती, आणि तिथून तशीच रस्त्यावर, रस्त्यावरून पुढच्या विहिरीत.

ती सरळ आत आली. भिंगरीला मांडीवरून उचललं, छातीशी धरलं, हुंगलं. भिंगरी जागी झाली आणि चिखलाला हात लावून हसली. मग आईला चौरंग दिसला, पेन दिसलं, बाजूला रिकामं झालेलं दुधाचं भांडं दिसलं.

"कधी आली ही इथे?"

नवऱ्याने मान खाली घातली. खोटं बोलायला जागा होती. 'आत्ताच' म्हटलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं, सरसुद्धा नाही.

"तास झाला," बाई म्हणाल्या.

आईने तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. "तास," ती म्हणाली, आणि पोरीला घेऊन निघून गेली.

गुरुवारी कुलूप निघालं. मावशी कंबर विसरून वर्गात आल्या. मेमो सरांच्या खणात राहिला. बाई पुढच्या गुरुवारी रुजू झाल्या, डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे दर दोन तासांनी पाणी प्यायल्या आणि शेजारच्या दारात जाऊन आल्या. खुर्च्या मात्र दहाच भरल्या. पैलवानाने दोनदा रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.

"शेतावर आहे ती," मावशी म्हणाल्या. "दोरीला."

शुक्रवारी शाळेच्या आधी, सव्वानऊ वाजता बाई शेतावर गेल्या. ऊन तेव्हाच टोचत होतं. बांधावरच्या झाडाला दोरी होती आणि दोरीच्या टोकाला भिंगरी, कमरेला दोन वेढे. बाईंना पाहून ती उभी राहिली आणि दोरी ताणली जाईल तेवढं पुढे आली. बाईंचा हात पुढे होऊ लागला होता, तो त्यांनी मागे घेतला. सोडायचा हक्क त्यांचा नव्हता.

आई ओळीत वाकून खुरपत होती. तिने पाहिलं आणि खुरपत राहिली.

"मी तुमची गुन्हेगार आहे," बाई म्हणाल्या. "माझं भांडण सरांशी होतं, ते मी तुमच्या जिवावर काढलं. मला बोला, मारा. पण हिला पाठवा. मावशी आहेत आता वर्गात."

खुरपं मातीत चालत राहिलं. ओळ संपली, आईने दुसरी धरली. बाई उभ्या होत्या. डोक्यावरचा रुमाल तापला. मागे भिंगरीने दोरीला पीळ घालायला सुरुवात केली होती आणि पीळ सुटताना ती गोल फिरत होती. दुसरी ओळ संपली. बाजूच्या शेतातल्या दोघी-तिघी कामं थांबवून बघू लागल्या. एकजण हसली. बाईंच्या पायांना मुंग्या आल्या, आणि नेमका त्याच वेळी शाळेची पहिली घंटा झाली.

आई तिसऱ्या ओळीच्या टोकाला उठली. कंबर मागे ताणून तिने पाठीत आवाज काढला. बांधावर येऊन मडक्यातलं पाणी प्यायली, बाईंना विचारलं नाही. मग हाताची सावली करून सूर्याकडे पाहिलं.

"झाला का तास?"

बाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "अजून बारा मिनिटं आहेत."

आईने मान हलवली, खुरपं उचललं आणि चौथ्या ओळीत वाकली.